ब्रिटिश लष्करी बिल्ल्यांची लघुरूपे: पहिला बिल्ला विकत घेण्याआधी

पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी, कुलपं, तोट्या आणि जुन्या किल्ल्यांच्या ढिगात मला एक पांढुरका बिल्ला दिसला. मध्ये रणशिंग, वर मुकुट आणि खाली एक छोटा हत्ती. हत्तीवरच्या पट्टीतली अक्षरं घासलेली होती. घरी आणून भिंगाखाली धरला तेव्हा इंग्रजी स्पेलिंगमागचं नाव उलगडलं: असई. जालना जिल्ह्यातलं आपलं असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती वेलस्लीची लढाई झाली आणि त्या लढाईची आठवण एक स्कॉटिश पलटण पुढे दीडशे वर्षं टोपीवर मिरवत होती.

बिल्ल्याची माहिती शोधायला गेलो तर एका ब्रिटिश विक्रेत्याच्या यादीत एवढीच ओळ मिळाली: ‘एचएलआय, ओआर, सीबी, केसी, डब्ल्यूएम, २ लग ई/डब्ल्यू, जीसी.’ यातलं एकही अक्षर मला कळलं नाही. ती ओळ नीट वाचता यायला वर्ष गेलं, आणि त्या वर्षात चुकीचे बिल्लेही घेतले. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितो आहे.

हाताशी काय ठेवायचं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनार वापरतात तसं
- व्हर्निअर कॅलिपर किंवा निदान मिलिमीटरची पट्टी
- फ्रिजवर लावतो तसा छोटा लोहचुंबक
- एक वही. प्रत्येक बिल्ल्याला एक पान
- विक्रेत्याकडून पुढचा आणि मागचा, दोन्ही बाजूंचे फोटो. मागचा फोटो न देणाऱ्याकडून घेऊ नका.

पितांबरी, चिंच, ब्रासो यातलं काहीही या यादीत नाही, आणि ते मुद्दाम. देवघरातली भांडी आपण लखलखीत घासतो, पण बिल्ला घासला की त्यावरची बारीक रेघ जाते आणि ती परत येत नाही.

१. ओळीचा क्रम ओळखा

लघुरूपांची ओळ म्हणजे आगगाडीच्या डब्यांसारखी रांग असते. कोणता डबा कुठे लागतो हे कळलं की निम्मं काम झालं. साधारण क्रम असा: पलटण, कोणासाठी, कुठे लावायचा, मुकुट, धातू, मागची पकड, बनवणारा, संदर्भ क्रमांक, अवस्था. प्रत्येक विक्रेता हाच क्रम पाळेल असं नाही, काही डबे गाळलेलेही असतात, पण प्रश्न हेच नऊ.

तर वरची ओळ उलगडते ती अशी: हायलँड लाइट इन्फंट्री, अदर रँक्स, म्हणजे अधिकारी सोडून बाकीचे सैनिक, कॅप बॅज, किंग्ज क्राउन, व्हाइट मेटल, मागे दोन कड्या, डावी-उजवी, गुड कंडिशन.

२. पलटणीचं नाव: सगळ्यात जास्त चुका इथेच

काही नावं पाठच करावी लागतात. केआरआरसी म्हणजे किंग्ज रॉयल रायफल कोअर. केओएसबी म्हणजे किंग्ज ओन स्कॉटिश बॉर्डरर्स. डीएलआय म्हणजे डरहॅम लाइट इन्फंट्री, तर डीसीएलआय म्हणजे ड्यूक ऑफ कॉर्नवॉल्स लाइट इन्फंट्री. एका ‘सी’ने काउंटी बदलते. एएससी म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअर, आणि तीच १९१८ मध्ये ‘रॉयल’ झाली की आरएएससी. एमजीसी म्हणजे मशीन गन कोअर, आयुष्य फक्त १९१५ ते १९२२. आरएफसी म्हणजे रॉयल फ्लाइंग कोअर, १९१२ ते १९१८.

ही वर्षं मी उगाच देत नाही. प्रत्येक लघुरूप ही काळाची एक खिडकी असते. ती वहीत टिपून ठेवा, शेवटच्या पायरीला लागणार आहे.

एका लघुरूपाचे दोन अर्थ हा खरा घात. आरएमए म्हणजे रॉयल मरीन आर्टिलरी असेल किंवा रॉयल मिलिटरी अकॅडमी. आरआयआर म्हणजे जुनी रॉयल आयरिश रायफल्स असेल किंवा १९९२ मध्ये उभी राहिलेली रॉयल आयरिश रेजिमेंट. आरडब्ल्यूएफ ही रॉयल वेल्श फ्युजिलिअर्स, आरडब्ल्यूके ही रॉयल वेस्ट केंट आणि आरडब्ल्यूआर ही रॉयल वॉरिकशायर. शेवटचं अक्षर दोनदा वाचा.

आपल्याकडच्या माणसाने विशेष जपायचा सापळा आकड्यांचा आहे. १८८१ पर्यंत ब्रिटिश पायदळ आकड्यांनी ओळखलं जाई. त्या वर्षीच्या १ जुलैला आकडे गेले आणि पलटणींना प्रांतांची नावं मिळाली. १०३ क्रमांकाची रॉयल बॉम्बे फ्युजिलिअर्स ही मूळची कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातली गोरी पलटण. ती रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सची, म्हणजे आरडीएफची, दुसरी बटालियन झाली. १०६ क्रमांकाची बॉम्बे लाइट इन्फंट्री डीएलआयची दुसरी बटालियन झाली, आणि १०९ क्रमांकाची बॉम्बे इन्फंट्री लीन्स्टर रेजिमेंटची. पुढे १९०३ मध्ये सरसेनापती किचनरने हिंदी फौजेला सलग नवे क्रमांक दिले तेव्हा १०३ हा आकडा मराठा लाइट इन्फंट्रीकडे आला. म्हणजे ‘१०३’ लिहिलेली वस्तू १८८१ च्या आधीची असेल तर ती गोऱ्या सैनिकाची, १९०३ ते १९२२ मधली असेल तर ती आपल्या मराठी सैनिकाची. यादीत ‘आयए’ अशी अक्षरं दिसली तर इंडियन आर्मी समजा. मला स्वतःला ही गाठ सुटली तेव्हा झालेला आनंद आजही आठवतो: आयरिश पलटणीच्या बिल्ल्यावर वाघ आणि हत्ती का, याचं उत्तर मुंबई-मद्रासच्या जुन्या फौजांत होतं.

३. कुठे लावायचा

सीबी म्हणजे कॅप बॅज. पण काही जण कॉलर बॅजलाही सीबी लिहितात, म्हणून माप मागाच. कॉलरचे बिल्ले लहान असतात, जोडीने येतात आणि त्यांवरचे प्राणी बहुधा एकमेकांकडे तोंड करून असतात. जाणकार त्यांना ‘कॉलर डॉग’ म्हणतात.

एचपी म्हणजे हेल्मेट प्लेट. १८७८ मध्ये निळ्या कापडाचं शिरस्त्राण आलं, त्यावरची ही मोठी ताऱ्यासारखी पाटी. एचपीसी म्हणजे त्याच पाटीचा फक्त मधला भाग. ‘सी’कडे दुर्लक्ष करून पूर्ण पाटीची किंमत मोजणारे मी पाहिले आहेत. एसबीपी म्हणजे शोल्डर बेल्ट प्लेट, खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यावरची. डब्ल्यूबीसी म्हणजे कमरपट्ट्याची चाप.

एसटी म्हणजे शोल्डर टायटल, खांद्यावरची पितळी अक्षरं. यात ‘टी’ वर, खाली बटालियनचा आकडा आणि त्याखाली पलटणीचं नाव अशी तीन मजली रचना दिसली तर तो टेरिटोरियल फोर्सचा, म्हणजे अर्धवेळ सैनिकांच्या दलाचा. १९१४ च्या अखेरीस वेसेक्स आणि होम काउंटीज या टेरिटोरियल डिव्हिजन मुंबई बंदरात उतरल्या, त्यामुळे अशा पट्ट्या आपल्या भंगारबाजारात निघाल्या तर नवल वाटू देऊ नका.

४. मुकुट: तीन अक्षरांत अर्धशतक

नवख्या माणसाने सगळ्यात आधी हेच शिकावं.

क्यूव्हीसी म्हणजे क्वीन व्हिक्टोरियाज क्राउन, १९०१ पर्यंत. केसी म्हणजे किंग्ज क्राउन, १९०१ ते १९५२. क्यूसी म्हणजे क्वीन्स क्राउन, एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणानंतरचा, साधारण १९५३ पासून.

ओळखायचं कसं? केसीच्या कमानी वर घुमटासारख्या गोल जातात. क्यूसीच्या कमानींना वर मध्यभागी खळगा असतो, दोन्ही खांदे वर आलेले दिसतात. क्यूव्हीसीच्या कमानीही जरा दबलेल्या, म्हणून तो आणि क्यूसी यांची गल्लत होते. अशा वेळी मुकुट बाजूला ठेवून धातू आणि पकड पाहा. निदान पन्नास वर्षांचा फरक तिथे लपत नाही.

आता एक नवा सापळा. २०२२ मध्ये राजा चार्ल्स गादीवर आला आणि त्याने पुन्हा तोच गोल घुमटाचा मुकुट निवडला. त्यामुळे आज तयार होणारे कोरे करकरीत बिल्लेही दिसायला ‘केसी’च. एखादा ‘केसी’ फारच झळझळीत दिसत असेल तर तो शंभर वर्षं जपलेला नसून कालपरवाचा असू शकतो.

केसीची पन्नास वर्षं आणखी बारीक करायची असतील तर राजाची आद्याक्षरं शोधा. रॉयल इंजिनिअर्ससारख्या काही बिल्ल्यांवर ती असतात: ईव्हीआयआयआर म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०; जीव्हीआर म्हणजे पाचवा जॉर्ज, १९१० ते १९३६; जीव्हीआयआर म्हणजे सहावा जॉर्ज, १९३६ ते १९५२. आठवा एडवर्ड १९३६ मध्ये वर्षभरही टिकला नाही. त्याची अक्षरं दिसली तर आनंद आवरून बिल्ला दुप्पट तपासा.

सगळ्या बिल्ल्यांवर मुकुट असतो असंही नाही. आरडीएफचा बिल्ला म्हणजे पेटता बॉम्बगोळा, त्यावर वाघ आणि खाली हत्ती, मुकुट नाहीच. त्यापुढे कुणी ‘केसी’ लिहिलं असेल तर लिहिणाऱ्याने बिल्ला पाहिलेला नाही.

५. धातू

डब्ल्यूएम हा व्हाइट मेटल, म्हणजे चांदीसारखा दिसणारा पण चांदी नसलेला मिश्रधातू. जीएम हा गिल्डिंग मेटल, तांबं जास्त असलेलं, आपल्या पितळेहून किंचित लालसर. दोन्ही जोडलेले असले तर बायमेटल. बीबी हे काळं केलेलं पितळ, रायफल पलटणींचं.

‘बीआर’ला मात्र थांबा. कुणी ते ब्रास म्हणून लिहितं, कुणी ब्रॉन्झ म्हणून. ब्राँझ बहुधा अधिकाऱ्यांचं, पितळ सैनिकांचं, आणि किमतीत मोठा फरक. विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

एचएम म्हणजे हॉलमार्क असलेली खरी चांदी. बर्मिंगहॅमच्या चांदीवर जहाजाचा नांगर असतो, तो आणि चालता सिंह भिंगातून शोधा. एसपी म्हणजे फक्त चांदीचा मुलामा.

एए म्हणजे अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियम, याचंच दुसरं नाव स्टेब्राइट. घासावं लागू नये म्हणून १९५० च्या दशकात आलं. हातात घेतलं की पिसासारखं हलकं लागतं.

युद्धकाळातली काटकसरही धातूत दिसते. १९१६ मध्ये एरवी दोन धातूंत होणारे कित्येक बिल्ले फक्त पितळेत काढले गेले. यादीत त्यांना ‘इकॉनॉमी’ म्हणतात. ते खोटे नव्हेत. दुसऱ्या महायुद्धात तर प्लॅस्टिकचे बिल्ले निघाले, त्यांतल्या अनेकांच्या मागे वॉल्सॉलच्या ए. स्टॅन्ली अँड सन्सचं नाव असतं. मी पहिल्यांदा असा बिल्ला पाहिला तेव्हा खेळणं समजून बाजूला सारला होता. तुम्ही तसं करू नका.

चुंबक या सगळ्यांपैकी कशालाच चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे, आणि बिल्ला परत ठेवा.

६. कोणाचा

ओआर म्हणजे अदर रँक्स. ओएसडी म्हणजे ऑफिसर्स सर्व्हिस ड्रेस, बहुधा तपकिरी ब्राँझमध्ये. खाकी सर्व्हिस ड्रेस १९०२ मध्ये आला, हे लक्षात राहू द्या.

आरव्ही म्हणजे रायफल व्हॉलंटिअर्स, व्हीबी म्हणजे व्हॉलंटिअर बटालियन, १९०८ पर्यंत. त्यानंतर टीएफ, टेरिटोरियल फोर्स. आणि १९२० च्या दशकापासून टीए. व्हॉलंटिअर मंडळी सहसा पांढरा धातू वापरत, नियमित सैनिक पिवळा. तोच बिल्ला पांढऱ्या धातूत आढळला तर त्याला नकली ठरवण्याआधी तो व्हॉलंटिअरचा तर नाही ना ते पाहा.

७. मागची बाजू

जाणकार माणूस बिल्ला हातात घेतल्यावर आधी उलटा करतो. लग म्हणजे तांब्याच्या तारेच्या कड्या, त्यांतून पिन जाते. ई/डब्ल्यू म्हणजे पूर्व-पश्चिम, डावी-उजवी. एन/एस म्हणजे वर-खाली. स्लायडर म्हणजे टोपीच्या पट्टीत खोचायची उभी पट्टी. ब्लेड म्हणजे वाकवायच्या पातळ पत्र्या, अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यांवर.

अस्सल बिल्ला सहसा ठशाने दाबून घडवलेला असतो, म्हणून समोर जो उंचवटा तो मागे खळगा दिसतो. मागची बाजू सपाट आणि दाणेदार, बारीक छिद्रांची असेल तर तो साच्यात ओतलेला आहे. ओतीव नकला ओळखायला एवढं एकच लक्षण पुष्कळदा पुरतं.

अवघड जाते ती रीस्ट्राइक, म्हणजे जुन्याच ठशावरून नंतर काढलेली प्रत. तिची मागची बाजूही खळग्याची असते. तिथे कडांचा धारदारपणा, धातूची जाडी आणि झीज पाहावी लागते. झीज उंचवट्यावर असायला हवी, खाचेत नव्हे.

मागे ‘जे. आर. गाँट’ किंवा ‘फर्मिन’ असं नाव दिसलं तर चांगलंच, पण नाव म्हणजे दाखला नव्हे. नकली बिल्ल्यांवरही ही नावं ठोकलेली असतात.

८. केके क्रमांक

‘केके’ किंवा ‘के अँड के’ आणि पुढे आकडा, हे म्हणजे आर्थर किपलिंग आणि ह्यू किंग यांच्या टोपीच्या बिल्ल्यांवरच्या दोन खंडी ग्रंथातला क्रमांक. पहिला खंड पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत, दुसरा त्यानंतरचा. ग्रंथ महाग आहे, पण क्रमांक मिळाला की त्याच क्रमांकाचे दुसऱ्या विक्रेत्यांकडचे फोटो शोधून तुलना करता येते. खांद्यावरच्या पट्ट्यांसाठी असाच ‘वेस्टलेक’ क्रमांक देतात. क्रमांक हा नमुन्याचा असतो, तुमच्या हातातल्या वस्तूचा नव्हे. नकलेलाही तोच क्रमांक लावून विकतात.

९. अवस्था

जीसी गुड कंडिशन, व्हीजीसी व्हेरी गुड कंडिशन. जीव्हीएफ, एनईएफ ही अक्षरं पदकांच्या आणि नाण्यांच्या जगातून आली आहेत: गुड व्हेरी फाइन, निअरली एक्स्ट्रीमली फाइन.

आणि एएफ. हिच्यावर मी पैसे घालवले. आरडीएफचा एक बिल्ला यादीत होता, शेवटी ‘ए/एफ’. मला वाटलं हवाई दलाशी काही संबंध असावा. पार्सल उघडलं तर स्लायडर मोडलेला आणि नावाची पट्टी डागून जोडलेली. ए/एफ म्हणजे ‘अ‍ॅज फाउंड’: जसा सापडला तसा, म्हणजे काहीतरी मोडलेलं, तुटलेलं, नंतर चिकटवलेलं आहे. विक्रेत्याने सांगायचं ते सांगितलं होतं, वाचता मला आलं नव्हतं.

१०. खिडक्या जुळवून पाहा

आता वही उघडा. पलटण, मुकुट, धातू, पोशाख: प्रत्येक अक्षराची काळाची खिडकी आहे. सगळ्या खिडक्या एकमेकींवर ठेवल्या की आरपार दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ओळ चुकली आहे किंवा बिल्ला.

‘एमजीसी, सीबी, क्यूसी’ अशी ओळ आली. मशीन गन कोअर १९२२ मध्ये संपली, क्यूसी १९५३ चा. तीस वर्षांची भिंत. सोडून द्या.

‘आरएएससी, क्यूव्हीसी’: ‘रॉयल’ १९१८ मध्ये मिळालं, व्हिक्टोरिया १९०१ मध्ये गेली. नाही.

‘ओएसडी, क्यूव्हीसी’: सर्व्हिस ड्रेस १९०२ चा. विक्रेत्याला स्पष्ट विचारा, तो काय सांगतो ते ऐका, मगच ठरवा.

‘केसी, एए’: अॅनोडाइज्ड बिल्ले येता येता राजाचा मुकुट गेला, म्हणून अशी जोडी फार थोड्या पलटणींची. खरी असेल तर दुर्मिळ, आणि चार्ल्सनंतरची असेल तर अगदी नवी. इथे घाई नको.

‘एचएलआय, क्यूसी’: ही मात्र शक्य आहे. खिडकी अरुंद, १९५३ ते १९५९, कारण त्या वर्षी ही पलटण रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्समध्ये विलीन झाली आणि रॉयल हायलँड फ्युजिलिअर्स तयार झाली. १९५८ पासून तर कित्येक पलटणींचे स्वतःचे बिल्ले जाऊन ब्रिगेडचे सामाईक बिल्ले आले, म्हणून पन्नाशीच्या दशकातले हे थोड्या वर्षांचे नमुने मला फार आवडतात.

एक कायद्याची गोष्ट. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि खासगी माणसाला तशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. इथे सापडलेला जुना बिल्ला परदेशातल्या संग्राहकाला टपालाने धाडण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

वहीतलं पान कसं दिसावं याचा नमुना म्हणून माझं पहिलंच पान देतो: ‘एचएलआय. ओआर. सीबी. केसी, घुमट स्पष्ट. डब्ल्यूएम, चुंबक चिकटत नाही. २ लग, ई/डब्ल्यू, दोन्ही जागेवर. मागे खळगा, छिद्रं नाहीत. बनवणाऱ्याचं नाव नाही. झीज हत्तीच्या पाठीवर आणि मुकुटावर. खिडकी १९०१ ते १९५२. जुना बाजार, बुधवार. धुतला नाही.’